गाडी हवा घेते

पिकअप बंद पडली तेव्हा तिची पुढची चाकं हायवेच्या पहिल्या लेनमध्ये होती आणि मागे हौद्यात आमच्या टोळीच्या बायका होत्या.

कापूस वेचणीचे दिवस होते. जळगावच्या मेहरूणमधून बायका घ्यायच्या, शेतावर सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या, हे माझं काम. वेचणी संपली की निंदणी, निंदणी संपली की केळीच्या शेतात ठिबकच्या नळ्या अंथरणं. टोळी माझी, गाडीही घरची. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे मला ठाऊक आहे. पण शेतं जिथे आहेत तिथे सकाळी वेळेवर पोचवणारी एस.टी. नाही.

त्या शेताला जायचं तर हायवे ओलांडावा लागतो. हायवे उंच भरावावर आहे. गावरस्ता खालून चढत येतो, मग दुभाजकात सोडलेल्या कटातून पलीकडे जायचं. मी चढाच्या तोंडाशी थांबले, धुळ्याकडून येणारी वाहनं जाऊ दिली, पहिला गिअर टाकला आणि वर आले. इंजिनाने दम सोडला. धक्का नाही, आवाज नाही. बोलता बोलता माणूस अर्ध्यात गप्प व्हावा तसं. पायाखाली अॅक्सिलरेटर दाबलेला होता आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं.

उजवीकडून ट्रक येत होता. त्याने हॉर्न धरला तो सोडलाच नाही. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसले. ब्रेक सोडला असता तर गाडी आपोआप उतारावरून मागे गेली असती. एवढी साधी गोष्ट, पण ती माझ्या डोक्यात आलीच नाही. टपावर कोणीतरी हाताने बडवत होतं. आमच्या टोळीत एक म्हातारी आहे, मूळची साक्रीकडची. जळगावात आयुष्य गेलं तरी बोली सोडलेली नाही. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणतो. तिचा आवाज आला, “सोड माय, मांगे सोड!”

मी पाय उचलले. गाडी मागे सरकली आणि ट्रक आमच्या नाकासमोरून गेला. त्याच्या वाऱ्याने आरसा वळला. त्या वळलेल्या आरशात मला हौद्याच्या फळीवर घट्ट धरलेली बोटं दिसली, एकापुढे एक, सगळ्यांची.

गाडी खाली येऊन थांबली. बायका एकेक करून उतरल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. मी बॉनेट उघडलं. आमची गाडी जुनी, डिझेलची. फिल्टरवर एक बटण असतं, ते हाताने दाबत राहिलं की टाकीतून डिझेल वर ओढलं जातं. हवेचा स्क्रू सैल केला आणि बटण दाबलं तर नुसता फेस आला. फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत दाबलं, स्क्रू आवळला, चावी फिरवली, गाडी सुरू झाली. तिला काही झालंच नव्हतं असं वाटावं इतकी छान सुरू झाली. मी बायकांना बसा म्हणाले नाही आणि त्याही उठल्या नाहीत. त्या दिवशी कोणी कापसाला गेलं नाही.

याआधीही ती दोन-तीनदा बंद पडली होती, पण गल्लीत, शेताच्या वाटेवर. बटण दाबायचं, फेस काढायचा, पुढे जायचं. जुनी गाडी असं करतेच, असं मी धरून चालले होते.

पिकअप आधी नवरा चालवायचा. पाईपच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्याने ती घेतली, आणि पाठीचा मणका सरकेपर्यंत चालवली. आता त्याला फार वेळ बसवत नाही. दारात खाट टाकून तो पडलेला असतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकतो. मी चालवायला शिकले ते त्याच्याकडूनच, आणि त्याच्या मते अर्धवट शिकले.

हायवेवर काय झालं ते मी त्याला सांगितलं. ट्रक किती जवळ होता ते सांगितलं नाही. तो म्हणाला, मी क्लच लवकर सोडते. चढावर गाडी ओढून धरायला हवी. फिल्टर बदल, टाकीत कचरा असेल. मग छताकडे बघत तो म्हणाला, “माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही.”

हे खरं होतं, आणि तेच मला खात होतं. तीच गाडी, तेच रस्ते. फरक एकच, चालवणारा. ट्रक डोळ्यांसमोरून जात नव्हता, पण त्याहून वाईट हा विचार होता की बिघाड गाडीत नाही, माझ्यात आहे. गाडीतला बिघाड काढता येतो. माझ्यातला कोण काढणार?

फिल्टर बदलला. टाकी उतरवून धुतली, तळाशी थोडा गाळ निघाला आणि मला बरं वाटलं. मग मेहरूण तलावाच्या कडेने मी रिकामी गाडी फिरवली, पुन्हा पुन्हा, लोक बघायला लागेपर्यंत. एकदाही बंद पडली नाही. तरी चावी फिरवताना माझा हात ओला असायचा. कान आवाजात असायचे. इंजिनाचा सूर जरा खाली आला की मी गाडी कडेला घ्यायला लागायचे, आणि मग कळायचं की मीच पाय ढिला केला होता. एखाद्याला फिट येते हे माहीत असलं की त्याच्याजवळ बसताना आपण जसे त्याच्या तोंडाकडे बघत राहतो, तशी मी त्या गाडीशी वागायला लागले.

टाकी धुतल्यावर दोन दिवस चांगली चालली आणि तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या पुलावर चढताना पुन्हा गेली. मागे रिक्षांची रांग लागली. सगळे हॉर्न वाजवत होते आणि माझा पाना स्क्रूला लागत नव्हता. जळगावात ज्या ज्या मिस्त्रीला दाखवली त्याने बॉनेटमध्ये डोकं घालून तेच सांगितलं, गाडी हवा घेते. कुठून घेते, ते कोणी सांगेना. डिझेल गळत असेल तर डाग दिसतो. हवा आत जाते तिचा डाग कुठे पडणार?

टोळीतल्या बायका दुसऱ्या गाडीतून जायला लागल्या. मी अडवलं नाही. सकाळी माझ्या दाराशी डबे घेऊन उभ्या राहायच्या त्या राहीनाशा झाल्या. मावशी एकटी यायची, तीही चहाला. “तुना नवरा म्हनस, तुले गाडी येत नही,” ती म्हणाली. मी म्हटलं, त्याला म्हणू दे. तिने बशीत चहा ओतला आणि विचारलं, “येस का पन?”

 मला खरंच माहीत नव्हतं.

धुळ्याला डिझेल पंपाचं काम करणारं एक दुकान आहे. तिथे गाडी न्यायची ठरवली. दुसऱ्या गाडीमागे टोचन लावून नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणजे चालवतच न्यायची. मावशीची लेक धुळ्यात दिलेली. गाडी जाते म्हटल्यावर ती पिशवी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसली. मी तिला स्पष्ट सांगितलं की वाटेत काहीही होऊ शकतं. ती म्हणाली, तिला एस.टी.त उलट्या होतात.

एरंडोलपर्यंत मी समोरचा रस्ता सोडून कुठे बघितलं नाही. डाव्या कडेने, सगळ्यात हळू. प्रत्येक चढाच्या आधी मी मनात जागा ठरवायची, इथे बंद पडली तर त्या झाडाशी, तिथे पडली तर त्या टपरीशी. मावशी मधेच तंबाखू मळायची, मधेच माझ्याकडे बघायची. “एस्टीमा डायवर इतला घाबरत नही,” असं तिने खिडकीकडे बघून सांगितलं. पारोळ्याच्या अलीकडे इंजिन एकदा दबलं आणि आपोआप सावरलं.  धुळ्यात शिरताना माझ्या ब्लाउजची पाठ भिजलेली होती, आणि दिवस थंडीचे होते.

दुकानदाराने पंप खोलला नाही. त्याने टाकीकडून येणारी नळी पंपाशी काढली, तिथे दुसरी जोडली आणि तिचं टोक डिझेलच्या डब्यात सोडलं. इंजिन चालू केलं. डबा आधी वर टांगला, मग पंपाला खालून ओढता येतं का ते बघायला जमिनीवर ठेवला. इंजिन एकसारखं चाललं. तो बराच वेळ हात बांधून ऐकत राहिला.

“पंप चांगला आहे ताई. उगाच खोलायला लावू नका कोणाला. टाकी ते इथपर्यंत कुठेतरी हवा शिरतेय. उद्या आणा, पूर्ण लाईन काढून बघू.”

त्याची नमाजाची वेळ झाली होती, शटर अर्धं खाली आलेलं होतं. मुक्काम करायचा म्हटलं तर घरी नवऱ्याला बघायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, दिवसाउजेडी परत निघते. एक भीती मात्र कमी झाली होती. डब्यावर चालणाऱ्या इंजिनाला माझा पाय कसा आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बिघाड गाडीतच होता.

मावशी लेकीकडे जाऊन भाकरी बांधून परत आली. राहा म्हटलं तर राहिली नाही. जावयाशी तिचं जमत नाही.

पारोळा सोडलं आणि पुढच्या लांब चढावर ती गेली. या वेळी पूर्णच. मी कडेच्या मुरमात कशीबशी उतरवली, तरी मागचा कोपरा डांबरावर राहिला. चाकाला दगड लावले. मावशीने बाभळीच्या दोन फांद्या ओढत आणल्या आणि गाडीच्या मागे रस्त्यावर टाकल्या. मग ती स्वतःच त्यांच्याजवळ उभी राहिली, लाल पिशवी हलवत. मी तिला म्हटलं, कडेला हो. ती म्हणाली, फांदीला कोण घाबरतं, म्हातारीला सगळे घाबरतात, पोलिसांचं लफडं नको असतं त्यांना.

बटण दाबलं, फेस आला. नेहमीसारखा फेस काढून पुढे जाता आलं असतं. पण पुढे आणखी चढ होते आणि शेवटी आमच्या शहरातला तो पूल. मी गाडीखाली शिरले.

शेताच्या बाजूने शिरले, पाय रस्त्याकडे जाणार नाहीत असे. तरी ट्रक गेला की वरची सगळी गाडी हलायची. तोंडावर वाळलेला चिखल पडायचा. दगड सरकला तर, एवढाच विचार. टाकीपाशी हात घातला आणि नळी धरून पुढे पुढे चाचपत गेले. लोखंडी नळी, गंजलेली, खरखरीत. मग नळी आवळायचा एक क्लॅम्प. मग गुळगुळीत काहीतरी, चिखलाने माखलेलं. आणि त्याच्या मधोमध माझ्या बोटांना गाठ लागली.

ती गाठ डोक्याच्या आधी बोटांनी ओळखली. रावेरकडच्या केळीत मी वर्षानुवर्षं ती नळी अंथरलेली आहे. बंडल सोडायचं, सरीने ओढत न्यायचं, आणि ओढताना हातातून ठरावीक अंतराने एक गाठ जाते. नळीच्या आत बसवलेला ड्रीपर असतो तो. प्रत्येक गाठीला एक भोक, त्यातून झाडाच्या बुंध्याशी पाणी ठिबकतं.

आमच्या गाडीच्या डिझेलच्या लाईनीत ठिबकच्या नळीचा तुकडा बसवलेला होता.

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. जळगावात नाही वाटणार. इकडे त्या नळीने काय होत नाही? कपडे वाळत घालायची दोरी तीच, बादलीची मूठ तीच, कुंपणाला तीच, पोरांच्या सायकलीच्या हँडलवर तीच. वीतभर तुकडा पडलेला नाही असं घर नसेल.

अंगठ्याने चिखल पुसला. भोक लागलं. मी अंगठा त्यावर दाबून धरला आणि मावशीला हाक मारली की फांद्या सोड आणि बटण दाब. तिला डिझेलच्या वासाने मळमळतं. एका हाताने नाक धरून ती दाबत राहिली. मी विचारलं, कसं लागतंय? ती म्हणाली, कडक. मी अंगठा काढला. “आते?” मी विचारलं. वरून आवाज आला, “आते पोक्कय शे.” म्हणजे पोकळ. पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा कडक.

 मी तशीच पडून राहिले. टाकी भरलेली असते तेव्हा डिझेल स्वतःच्या वजनाने नळीत उभं असतं. तेव्हा त्या भोकातून फार तर थेंब बाहेर पडतो. टाकी अर्ध्याच्या खाली गेली आणि गाडीचं तोंड चढावर वर झालं की पंपाला डिझेल खालून ओढावं लागतं, आणि भोकातून हवा आत येते. नवऱ्याची सवय टाकी गळ्यापर्यंत भरायची. दारात गाडीखाली काळा डाग पडायचा, त्यावर तो वाळू टाकायचा, जुनी गाडी म्हणायचा. मी लागेल तेवढंच भरते. त्याच्या हातात ती बंद पडली नाही आणि माझ्या हातात पडली, ती एवढ्यासाठी.

“मरी गयी का वं?” मावशीने वाकून विचारलं. बराच वेळ माझा आवाज आला नव्हता.

सीटखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. ताणून ताणून त्या गाठीवर गुंडाळली, वर तार आवळली. फेस काढला. गाडी सुरू झाली. पुढचे सगळे चढ ती चढली आणि प्रत्येक चढावर मी श्वास धरून बसले होते. कारण सापडलं म्हणून भीती लगेच निघून जात नाही, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला काय निघालं ते सांगितलं. उभ्या उभ्याच, हात न धुता. तो तुकडा कोणी बसवला हे विचारायची गरज नव्हती.  मला वाटलं, आता म्हणेल की शक्यच नाही.

“आधी साधी नळी बसवली होती,” तो म्हणाला. “ती गरम होऊन चपटी व्हायची. या तुकड्यात मधे गाठ होती, चपटा होईना. म्हणून मुद्दाम तो घेतला.”

“गाठीला भोक असतं.”

“कारखान्यात आम्ही मोठे पाईप काढायचो. ठिबक दुसऱ्या खात्यात.” मग त्याने डोळे मिटले. “ट्रक किती लांब होता?”

मी सांगितलं. या वेळी खरं सांगितलं. त्याने खाटेची पट्टी पकडली, सोडली. पाठ दुखत असताना करतो तसं. क्लचबद्दल तो त्यानंतर कधी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून टाकीपासून पंपापर्यंत सगळी नळी नवी टाकली, डिझेलचीच, जाड रबराची. काम चालू असताना तो खाटेवरून उठून भिंतीला धरून उभा होता. मिस्त्री गेल्यावर म्हणाला, “तरी टाकी भरतच जा.” मी हो म्हटलं.

मग टोळीच्या घरोघरी गेले. काय बिघडलं होतं, कसं सापडलं, ते प्रत्येकीला सांगितलं. ठिबकची नळी म्हटल्यावर त्या खूप हसल्या. एकीने विचारलं, एकरी किती डिझेल लागतं मग. मी त्यांना हसू दिलं. हसल्या म्हणजे येतील असं वाटलं आणि त्या आल्याही. सकाळी दारात डबे घेऊन उभ्या होत्या, हौद्यात चढल्या, गप्पा सुरू झाल्या. टाकी भरलेली होती.

हायवेच्या खाली आलो तशा गप्पा थांबल्या. मी काही सांगायच्या आत टपावर थाप पडली. मी थांबवली. फळी पडल्याचा आवाज आला. सगळ्या उतरत होत्या, डबे, पिशव्या घेऊन, एकीच्या कडेवर पोर. मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, नवी नळी टाकलीय, स्वतः बघितलंय, काही होणार नाही.

मावशी माझ्या खिडकीशी आली. ओरडली नाही, टोमणाही मारला नाही. मजुरीचा दर सांगावा तसं सांगितलं, “गाडी तुनी शे, जीव आम्हना शे.”

आणि त्या चालत चढावर गेल्या. दोन्ही बाजूंना बघून एकमेकींचे हात धरून धावत दुभाजकापर्यंत, मग पुन्हा बघून पलीकडे. शेवटची पोचली तेव्हा मी पहिला गिअर टाकला. मागे कोणी नव्हतं. रिकामा हौदा खडखडत होता आणि त्या आवाजात इंजिनाचा आवाज मला नीट ऐकू येईना. चढ आला, तोंड वर झालं. धुळ्याकडचा रस्ता मोकळा होता, तरी मी तो दोनदा बघितला. मग पाय दाबला, कट पार केला आणि खाली उतरून त्यांच्याजवळ थांबले. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. त्या चढून बसल्या, कोणीतरी फळी लावली.

अजूनही आम्ही तसंच जातो. कटाशी त्या उतरतात, मी एकटी पलीकडे जाते, त्या पुन्हा चढतात. गाडी त्यानंतर बंद पडलेली नाही. उतरू नका असं मी त्यांना पुन्हा म्हटलेलं नाही.